गुरं कुणाची होती? कोसबाडवरचं संशोधन वाचताना पडलेले प्रश्न

मागच्या आठवड्यात तिघांनी जवळजवळ एकच प्रश्न विचारला: "ताई, पेट पास झालोय, आता आराखडा लिहायचाय. शिक्षणशास्त्रात सोपा विषय कुठला?" तिघांच्याही डोक्यात असलेला विषय एकाच जातीचा होता. 'अमुक यांच्या शैक्षणिक कार्याचा चिकित्सक अभ्यास.' अमुकच्या जागी कुणाचंही नाव घाला.

हसण्यासारखं काही नाही. माझा पहिला आराखडा हाच होता. मी बोईसरची. आमच्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात कोसबाडची टेकडी. त्यामुळे 'ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे बालशिक्षणातील योगदान: एक चिकित्सक अभ्यास' हे शीर्षक मला आयतं सापडलं. गाइडना आवडलं. सादरीकरणाच्या दिवशी मी कुरणशाळेची स्लाइड दाखवत होते. मुलं गुरं चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर मग शाळाच कुरणावर गेली, अशी ती गोष्ट. समितीतल्या एका बाईंनी मध्येच विचारलं, "गुरं कुणाची होती?"

मला उत्तर देता आलं नाही. वाईट याचं वाटलं की तो प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. शंभरेक पानं वाचून झाली होती, टिपणं काढून झाली होती, आणि त्या चित्रातल्या गुरांकडे मी पाहिलंच नव्हतं.

आजची पोस्ट त्या एका प्रश्नाबद्दल आहे. 'योगदान' पद्धतीच्या संशोधनावर टीका करायची आहे, पण उदाहरण कोसबाडचंच घेते, कारण ते मला जवळचं आहे आणि तिथलं काम खरोखर मोठं आहे. कामच लहान असतं, तर त्यावरच्या संशोधनावर टीका करण्यात वेळ घालवला नसता.

आधी गोष्ट, थोडक्यात

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून महाराष्ट्रात आल्या. नूतन बाल शिक्षण संघ १९२६ चा. दादरचं शिशुविहार १९३६ चं. ही सगळी शहरातली बालमंदिरं. माँटेसरी पद्धत चांगली, पण साधनं महाग, आणि पोहोचणार फक्त पांढरपेशांच्या मुलांपर्यंत. ही बोच घेऊन त्या १९४५ मध्ये बोर्डीला आल्या. बोर्डी म्हणजे घोलवड स्टेशनजवळचं समुद्रकाठचं गाव. त्याच वर्षी बोरिवलीच्या एका प्रशिक्षण शिबिरात त्यांची अनुताई वाघांशी गाठ पडली. पुण्याच्या हुजूरपागेतली नोकरी सोडून अनुताई बोर्डीला आल्या आणि पुढची सगळी वर्षं इथेच राहिल्या.

बोर्डीत त्यांना पहिल्यांदा कळलं की गावात एक छान बालवाडी काढली म्हणून वस्तीतली मुलं आपोआप येत नाहीत. मग बालवाडी वस्तीत, कुणाच्या तरी अंगणात भरायला लागली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. शिंपले, बिया, पानं, खडे ही साधनं झाली. १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी उभी राहिली, कुरणशाळा आणि रात्रीची शाळा सुरू झाली. आणि ज्याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही, ते बालसेविकांचं आणि शिक्षकांचं प्रशिक्षणही. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली, आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

एवढं कुठल्याही प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात मिळेल.

साचा कुठे कमी पडतो

साचा तुम्हाला माहीत आहे. पहिलं प्रकरण प्रस्तावना, दुसरं संबंधित साहित्याचा आढावा, तिसरं जीवनपट, चौथं शैक्षणिक विचार, पाचवं निष्कर्ष आणि शिफारशी. शोधगंगेवर 'शैक्षणिक कार्याचा चिकित्सक अभ्यास' असं टाकून बघा, महाराष्ट्रातल्या किती थोरांच्या नावापुढे हा साचा लागलाय ते दिसेल.

या साच्यात सगळी वाक्यं एकाच कर्त्याची होतात. ताराबाईंनी ओळखलं, अनुताईंनी सुरू केलं, त्यांनी पटवून दिलं. मुलं, आईबाप, गावातला सावकार, जिल्ह्याचं शिक्षण खातं हे सगळे कर्माच्या नाहीतर अडथळ्याच्या जागी. कुरणशाळेच्या गोष्टीत वारली मूल गुरांमागे का आहे, याचं उत्तर 'पालकांची उदासीनता' आणि 'गरिबी' या दोन शब्दांत उरकतं.

आता 'गुरं कुणाची होती' हा प्रश्न घेऊन याच परिसराचं १९४५ साल पुन्हा वाचा. ताराबाई बोर्डीला आल्या त्याच वर्षी, २३ मे रोजी, झरी गावात किसान सभेनं वारल्यांचा मेळावा भरवला. वेठ करायची नाही, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी आयुष्यभर राबायचं नाही, दिवसाला बारा आणे मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचं नाही, अशी ती लढाई होती. त्याच ऑक्टोबरमध्ये गवतकापणीच्या मजुरीवरून संप झाला. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये, ही मागणी होती. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक याच लढ्याचं आहे.

म्हणजे ज्या गवताळ माळाला आपण शाळेच्या गोष्टीत निसर्गरम्य 'कुरण' म्हणतो, ते या भागातल्या मजुरीच्या भांडणाचं मैदान होतं. कुरणशाळा त्यानंतरची. मधल्या काळात कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, कागदावर तरी काही कुळं मालक झाली. मग कोसबाडच्या आसपास पन्नाशीच्या शेवटी एखादा आठ वर्षांचा मुलगा गुरं चारतो, ती त्याच्या बापाची की मालकाची? बापाची असतील, तर मुलाचं गुरांमागे जाणं हा घरच्या कामाचा भाग. मालकाची असतील, तर तो बालमजूर, आणि त्याची शाळा माळावर नेणं म्हणजे त्या मजुरीला हात न लावता शिकवणं. दोन्ही शक्यता खऱ्या असू शकतात, वेगवेगळ्या पाड्यांवर वेगवेगळ्या. पण या दोन शक्यतांतून 'कुरणशाळा' या प्रयोगाचे दोन अगदी वेगळे अर्थ निघतात. आणि 'योगदान' या शब्दाखाली दोन्ही सारखेच दिसतात.

परुळेकरांचं पुस्तक शिक्षणशास्त्राच्या प्रबंधाच्या संदर्भसूचीत का येत नाही? कारण ते 'राज्यशास्त्र' किंवा 'समाजशास्त्र' समजलं जातं. आणि चळवळीवर लिहिणारे लोक कोसबाडकडे फिरकत नाहीत, कारण ते 'समाजसेवा' समजलं जातं. एकच परिसर, एकच साल, दोन कपाटं. तुम्हाला संशोधनाचा विषय हवा असेल, तर अशी दोन कपाटं शोधा.

शिक्षिका कशी तयार झाली?

मी मात्र गुरांच्या प्रश्नावर थांबले नाही, कारण त्यातून मला माझा प्रश्न सापडला. कुरणावर मूल होतं, गुरं होती, तशी शिक्षिकाही होती. ती कुठून आली?

अनुताईंचाच जीवनपट घ्या. आपण तो प्रेरणेसाठी वाचतो. एकदा फक्त तारखा लिहून काढा. बालविधवा. १९२५ मध्ये व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा. १९२९ मध्ये पुण्यात प्राथमिक शिक्षिकेचं प्रशिक्षण पूर्ण. मग नाशिक जिल्ह्यात चांदवडला शिक्षिका, पुढे हुजूरपागेत. तिथे नोकरी करता करता रात्रशाळेतून १९३७ मध्ये मॅट्रिक. बी.ए. १९६१ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. तोपर्यंत त्यांना कोसबाडमध्येही काही वर्षं झाली होती.

क्रम बघा. सातवी, प्रशिक्षण, नोकरी, मग मॅट्रिक, मग पदवी. घरात पैसा नसलेल्या, विधवा झालेल्या मुलीला शिक्षिका होता आलं, कारण त्या काळात शिडीची पहिली पायरी जमिनीपासून फार उंच नव्हती, आणि पायरीवर पाय ठेवल्यावर पगार मिळत होता. वरच्या पायऱ्या तिनं त्या पगारावर चढल्या. हा एकट्या अनुताईंच्या जिद्दीचा इतिहास नाही. मुंबई इलाख्यातल्या शिक्षकभरतीच्या नियमाचाही तो इतिहास आहे. जिद्द सगळ्या पुस्तकांत आहे, नियम क्वचित.

आता तीच शिडी आज उभी करून पाहू. प्राथमिक शिक्षक व्हायला सातवीची अट पुढे दहावी झाली, मग बारावी आणि त्यावर दोन वर्षांचं डी.एड., आता त्याला डी.एल.एड. म्हणतात. शिक्षणहक्क कायद्यानंतर टीईटी आली, महाराष्ट्रात २०१३ पासून. २०१७ पासून भरतीसाठी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, आणि पवित्र पोर्टल. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात २०३० पर्यंत किमान पात्रता चार वर्षांचं एकात्मिक बी.एड. करायचं ठरलंय. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं नोकरीत असलेल्या, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलं.

यातली प्रत्येक पायरी गुणवत्तेच्या नावानं वाढली आणि बहुतेक पायऱ्यांमागे प्रामाणिक कारण आहे. पण सगळ्या एकत्र पाहिल्या की क्रम उलटा झालेला दिसतो. आधी सगळं शिक्षण, सगळ्या परीक्षा, मग भरती निघायची वाट, मग शिक्षणसेवक म्हणून मानधनावर तीन वर्षं, आणि मग पगार. विक्रमगड नाहीतर मोखाड्यातल्या एका पाड्यावरच्या मुलीनं बारावीनंतर ही सगळी वर्षं कुणाच्या पैशावर काढायची? आमच्या बोईसरमध्ये याचं उत्तर रोज सकाळी दिसतं. तारापूर एमआयडीसीकडे जाणाऱ्या रिक्षा आणि टमटम भरभरून जातात, त्यात बारावी झालेल्या मुली असतात. पॅकिंगच्या कामाचे पैसे महिन्याच्या शेवटी हातात येतात. डी.एल.एड.चे पैसे कधी येतील, हे कुणी सांगू शकत नाही.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. २०११ च्या जनगणनेनुसार इथली सुमारे ३७ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे, आणि बराचसा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. वर्गातलं मूल घरी वारली बोलतं आणि बाई त्याच्याशी पुस्तकातलं मराठी बोलतात, हा इथला रोजचा प्रश्न. म्हणून शिक्षिका कुठून येते याला महत्त्व आहे.

सरकारला हे माहीत नाही असं नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून राज्यपालांच्या अधिसूचनांनी अनुसूचित क्षेत्रातली शिक्षकांसह काही पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी ठेवली, पुढे असे १७ संवर्ग झाले. मग २२ एप्रिल २०२० ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानं आंध्र प्रदेशातलं अशाच प्रकारचं शिक्षकपदांचं शंभर टक्के आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. त्यानंतर आपल्याकडची पेसा भरतीही न्यायालयीन वादात अडकली, आणि २०२४ मध्ये उमेदवारांना आंदोलनाला बसावं लागलं. तुम्ही आराखडा लिहिताना 'धोरण' हा शब्द वापराल, तेव्हा धोरण म्हणजे एक जीआर समजू नका. जीआर, अधिसूचना, निकाल आणि उपोषणाचा मांडव हे सगळं मिळून धोरण असतं.

जिथे क्रम जुना राहिला

आता मूळ मुद्दा. 'आधी काम, मग शिक्षण' हा अनुताईंचा क्रम आज पूर्ण संपलाय का? नाही. तो एका ठिकाणी शिल्लक आहे. अंगणवाडीत.

अंगणवाडी सेविका त्याच गावची रहिवासी असावी लागते. पात्रतेची अट तिथेही वाढली, महाराष्ट्रात २०२३ पासून ती बारावी आहे. पण पदवी नाही, टीईटी नाही. आधी नेमणूक, मग प्रशिक्षण. २०२० चं धोरणसुद्धा हाच क्रम धरतं: बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, त्याहून कमी शिकलेल्यांना वर्षाची पदविका, आणि तीही काम चालू ठेवून. म्हणजे मुलाच्या पहिल्या सहा वर्षांसाठी आपण गावातलीच बाई घेतो, आणि तिला कामावर असताना शिकवतो. बोर्डी-कोसबाडच्या बालसेविकेची ही थेट वारसदार.

फरक एवढाच की तिला पगार नाही. तिला मानधन आहे. ती कर्मचारी नाही, मानसेवी आहे. तिला ग्रॅच्युइटी लागू होते, हे ठरायला एप्रिल २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या, तो संप जानेवारीपर्यंत चालला. मागण्यांत मानधनवाढ होती, ग्रॅच्युइटी आणि पेन्शन होतं.

दोन्ही शेजारी ठेवा. जिथे वेतनश्रेणी आहे, तिथे आधी पदवी. जिथे स्थानिक बाईला आत घेतलं जातं, तिथे वेतनश्रेणी नाही. स्थानिक असणं ही गुणवत्ता आपण मान्य करतो, पण तिचे पैसे देत नाही.

आणि इथे 'योगदान' साच्याची खरी अडचण येते. या साच्यातला लाडका शब्द 'त्याग'. अनुताईंनी शहरातली नोकरी सोडली, हा त्याग होताच, आणि तो त्यांनी स्वतः निवडला होता. पण तो त्याग हाच बालशिक्षिकेचा आदर्श म्हणून प्रबंधामागून प्रबंधात लिहिला गेला, की पुढच्या पिढीतल्या सेविकेचं मानधन हा अन्याय वाटेनासा होतो. ती 'सेवा' करते ना! संशोधकानं 'सेवाभावी वृत्ती' हे निष्कर्षात लिहिण्याआधी एवढं तरी विचारावं की त्या वृत्तीचा महिन्याचा खर्च कोण भरत होतं. बालसेविकांना किती मिळत होतं, कोण देत होतं, प्रशिक्षणानंतर त्यातल्या किती जणी पुढे शाळेत लागल्या आणि किती जणी परत शेतावर गेल्या? या प्रश्नांनी ताराबाई-अनुताईंचा मान कमी होत नाही. उलट त्यांनी ज्या अडचणीशी झुंज घेतली, ती किती मोठी होती हे तेव्हाच कळतं.

माझ्यावरचा आक्षेप

हे वाचून तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, आणि म्हणायलाच हवं: "म्हणजे आदिवासी मुलांना कमी शिकलेले शिक्षक चालतील, असं म्हणायचंय का? शहरातल्या मुलांना बी.एड., आणि पाड्यावर बारावी पास?"

आक्षेप बरोबर आहे. आणि त्याचा पुरावा आपल्याकडेच आहे, वस्तीशाळा. २०००-०१ च्या सुमारास महाराष्ट्रात जिथे शाळा नव्हती अशा वाड्या-पाड्यांवर वस्तीशाळा निघाल्या. शिकवायला त्याच वस्तीतला शिकलेला मुलगा किंवा मुलगी. सुरुवातीचं मानधन महिन्याला १,००० रुपये. 'निमशिक्षक' हा शब्दच बघा, अर्धा शिक्षक. कामाचा मात्र अख्खा दिवस. शिक्षणहक्क कायद्यानंतर या शाळा नियमित झाल्या, निमशिक्षकांना सेवेत राहून डी.एड. करावं लागलं, आणि त्यांना जिल्हा परिषदेच्या सेवेत यायला २०१४ उजाडलं.

ही गोष्ट दोन्ही बाजूंनी वाचता येते. एका बाजूनं ती स्वस्त शिक्षकाची गोष्ट आहे: सरकारनं दहाबारा वर्षं कमी पैशात शाळा चालवल्या. दुसऱ्या बाजूनं, या मार्गानं कित्येक स्थानिक तरुण-तरुणी शिक्षक झाले, जे आजच्या शिडीनं कधीच झाले नसते. वाईट काय होतं? त्यांना आधी काम दिलं, हे नाही. कामाचे पैसे दिले नाहीत आणि शिकायची संधी उशिरा दिली, हे वाईट.

म्हणून मी पात्रता कमी करा असं म्हणत नाही. पात्रता पूर्ण हवी, पण ती मिळवायचा काळ कुणाच्या खर्चानं, हा माझा प्रश्न आहे. दहावी-बारावीतल्या मुलीला तिच्या तालुक्यातच हेरून, तिला विद्यावेतन देऊन, चार वर्षांनी नोकरीची हमी देऊन शिक्षिका करता येईल. याच धोरणात ग्रामीण भागातल्या मुलींना बी.एड.साठी शिष्यवृत्ती आणि त्याच भागात नोकरी, असा उल्लेख आहे. तो उल्लेख पालघरमध्ये अमलात येतो का, हे तपासणं हाच एक प्रबंध आहे. कुणीतरी घ्या.

मग करायचं काय?

टीका करून सोडून देणं सोपं. तुमच्या हातात काही द्यायला हवं. 'योगदान' आराखड्यातून प्रश्न काढायचा असेल, तर मी या कागदांकडे वळले:

शाळेचं जनरल रजिस्टर. मुलाचं नाव, जात, जन्मगाव, दाखल केल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि सोडण्याचं कारण. बहुतेक लोक नावं मोजतात. तुम्ही सोडल्याचा महिना बघा. तो भातलावणीचा आहे की गवतकापणीचा? वीटभट्टीवर जायचा आहे का? 'सततची गैरहजेरी' या शेऱ्यामागे हंगाम सापडतो.

प्रशिक्षण संस्थांची प्रवेश रजिस्टरं. विद्यार्थिनी कुठल्या गावची, पाड्यावरची की स्टेशनजवळची, आधी किती शिकलेली, वडिलांचा व्यवसाय काय.

जिल्हा परिषदेची शिक्षकांची सेवाज्येष्ठता यादी. त्यात जन्मतारीख, नेमणुकीची तारीख, शैक्षणिक आणि व्यावसायिक पात्रता मिळते. कोण आधी लागलं आणि नंतर शिकलं, कोण आधी शिकलं आणि नंतर लागलं, हा आपला क्रमाचा प्रश्न या कंटाळवाण्या यादीत उत्तरासकट बसलेला आहे.

आणि मुलाखती. पण 'अनुताई कशा होत्या?' असं विचारू नका, त्याचं उत्तर सगळ्यांचं पाठ आहे. 'पहिला पगार किती होता, तो हातात कोण द्यायचं, आणि घरी कुणाला द्यावा लागायचा?' असं विचारा.

दोन सूचना. रजिस्टर बघायला मुख्याध्यापकांची आणि शिक्षण विभागाची लेखी परवानगी घ्या, आणि त्यातली नावं प्रबंधात आणू नका. ऐंशी वर्षांची आजी असली तरी तिची सातवी अर्धवट सुटल्याची नोंद ही तिची खासगी गोष्ट आहे. दुसरं, रजिस्टर फाटलेलं, वाळवी लागलेलं निघेल. मग कुठली वर्षं मिळाली नाहीत हे स्पष्ट लिहा. मिळालेल्या वर्षांवरून सगळ्या काळाबद्दल बोलू नका.

डहाणू लोकल वाणगावच्या पुढे गेली की डबा रिकामा व्हायला लागतो. मी आजकाल त्या गाडीनं जाते तेव्हा सोबत एक वही असते आणि आराखड्याचं नवीन शीर्षक तिच्या पहिल्या पानावर लिहिलंय: 'डहाणू तालुक्यातील प्राथमिक शिक्षिकांचा पात्रता, नेमणूक आणि वेतन यांचा क्रम.' गाइड म्हणाले, नाव फार रुक्ष झालं. झालंय. पण या नावाखाली मला काय शोधायचंय ते मला माहीत आहे, आणि काय सापडेल ते अजून माहीत नाही. आधीच्या शीर्षकाचं उलटं होतं.

त्या बाईंना गुरांचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. तीन पाड्यांवर विचारून झालं. एका आजोबांनी सांगितलं, "काही आमची, काही शेटची." चारणारा मुलगा तोच, माळ तोच. पुढच्या वेळी शेटची किती, हे विचारायला जाणार आहे.

तुमच्या आराखड्यात 'योगदान' शब्द असेल, तर तो आज खोडू नका. त्याच्या शेजारी पेन्सिलीनं एवढंच लिहा: 'गुरं कुणाची?' आणि काय निघतं ते खाली कमेंटमध्ये सांगा.